जाळीवरची लोकर

भैरूनं जीपखाली पोतं अंथरलं, चेंबरचा नट सोडला आणि जुनं ऑइल घमेल्यात उतरू दिलं. तळेगाव ढमढेऱ्याच्या वडापवाल्यांत, म्हणजे सीटा भरून जीप हाकणाऱ्यांत, हे काम घरी करणारा तो एकटाच. बाकीचे गॅरेजला जात, पण जाता जाता त्याला विचारून जात. भैरूच्या हाताला यश आहे, असं पार न्हावऱ्यापर्यंत बोललं जाई.

आठवडाभर मात्र ऑइल प्रेशरचा काटा खाली लोळत होता. त्यानं काळं ऑइल दोन बोटांत चोळून उन्हात धरलं, तर बोटांवर रुपेरी कण चमकले. बेअरिंग झिजत होतं. सगळं चेंबरच त्यानं खाली उतरवलं. पंप जिथून ऑइल ओढतो, त्या जाळीवर काहीतरी काळं, जाड, नमद्यासारखं बसलेलं. नखानं सुटेना. जाळी काढून रॉकेलमध्ये बुडवली, तेव्हा ओळख पटली.

लोकर होती ती. घोंगडीची.

भैरू तसाच पोत्यावर पडून राहिला. कारण ही लोकर त्याच्या एकट्याच्या गाडीत गेली नव्हती.

दसऱ्यानंतर त्यानं आणि दत्तानं मिळून ऑइलचा डबा आणला होता. दत्ता हौसरावांच्या जीपवर ड्रायव्हर. डबा उघडा राहिला, त्यात माती-काडी पडली. दत्ता म्हणत होता, मामा, दुसरं आणू. पण धनगराच्या घरात घोंगडीला विटाळ नाही. देवसुद्धा तिच्यावर बसतो, आणि बापजाद्यांनी मधही तिच्यातूनच गाळलेला. भैरूनं जुन्या घोंगडीचा तुकडा फाडला, ऑइल गाळलं आणि दोन्ही गाड्यांत निम्मं निम्मं ओतलं. मामांनी हात लावला म्हणजे काळजी नाही, असं म्हणून दत्ता हसत गेला होता.

हौसरावांची गाडी दुप्पट खेपा मारायची. दिवाळीच्या आतच कोरेगाव भीमाजवळ तिचं इंजिन जाम झालं. दत्तानं नवं ऑइल विकून जळकं ओतलं, असा हौसरावांनी देवळासमोर चारचौघांत आळ घातला. दत्तानं बेलभंडारा उचलून शपथ घेतली. मग भैरूकडं वळून म्हणाला, "मामा, तुम्ही व्हता की तिथं. सांगा."

वडापाचा नंबर लावणं, कुणाची गाडी कधी भरायची ते ठरवणं, हौसरावांच्या हातात. भैरूनं खाली बघितलं. "ओतताना व्हतो. मागनं त्यानं काय केलं, मला काय ठावं?"

त्यानंतर शिरूरपासून दौंडपर्यंत कुणी दत्ताच्या हातात स्टेअरिंग दिलं नाही. बायकोला घेऊन तो पाटसकडं ऊसतोडीला गेला. आणि भैरू? तो एकादशीच्या कीर्तनात टाळ घेऊन उभा राहिला. देवाच्या दारात गप्प बसलेला माणूसही काहीतरी बोलूनच जातो, असं बुवा म्हणाले, तेव्हा सगळ्यांत जोरात मान यानंच डोलावली. खरी शपथ यानं खोटी पाडली होती, आणि इंजिन खाणारा हातही याचाच निघाला. देवा, आता तोंड कुठं लपवू, म्हणून त्यानं डोळे मिटले, तर मिटल्या डोळ्यांसमोरही दत्ताच उभा.

भैरूची आई कुशाबाई काठी टेकत आली. वाकून तिनं जाळी बघितली, लोकर बोटानं चाचपली. घोंगडी तिच्याच हातच्या सुताची. तिला सांगावं लागलं नाही.

"धू आन् बसव परत," ती हळूच म्हणाली. "दत्ता गेला, लोक इसारलं. तुझीबी गाडी बंद पडली तर खायचं काय आपुन?"

भैरू उठला. जाळी तशीच वर्तमानपत्रात गुंडाळली आणि दुसऱ्याच्या जीपला लोंबकळत चौफुल्याला, तिथून एसटीनं पाटसला गेला. ऊसतोड्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, तीन ठिकाणी होत्या. दोन ठिकाणी नाही म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी दत्ता मोळी बांधत होता. पाचटानं दंड ओरबाडलेले. त्याची बायको अनिता भैरूला बघून कोपीत निघून गेली. पाण्याचं विचारलं नाही.

भैरूनं कागद उलगडला. घोंगडी, ऑइल, जाळी, सगळं सांगितलं. दत्तानं लोकरीकडं बघितलं, ड्रायव्हरच्या सवयीनं बोटानं दाबून पाहिली आणि कागद परत त्याच्या हातात दिला.

"मला कशाला दावता, मामा? मी चोर न्हाई, हे मला तवाबी म्हाईत व्हतं."

"चल माझ्यासंगं. देवळाम्होरं सांगतो समद्यांना."

"मी न्हाई येत. मी आलो तर म्हणतील, ह्यानंच पढवून आणला." दत्तानं मोळीला पीळ घातला. "त्या दिवशी मी एकटाच उभा व्हतो. आता तुम्ही उभं ऱ्हावा."

एवढं बोलून त्यानं मोळी डोक्यावर घेतली आणि तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीकडं गेला. मागं वळला नाही.

भैरू हमरस्त्यावर येऊन उभा राहिला. परतीच्या दोन एसट्या भरून गेल्या, थांबल्या नाहीत. देवळासमोर पहिला शब्द कोणता बोलायचा, तो मनात जुळवत होता, आणि जुळलेला शब्द पुन्हा पुन्हा मोडत होता. हौसराव समोर असतील. टाळकरी असतील. सगळं वडाप असेल.

तिसरी गाडी थांबली. बसायला जागा नव्हती. तो चढला आणि दारातच उभा राहिला.