पहिला फोन काकांना

"वास येतोय का?" कॅप्टनने दारातूनच विचारलं.

"इतक्यात येणार नाही," ती म्हणाली आणि हातमोज्यातली नळी उजेडात तिरकी केली. आतलं रक्तद्रव पाण्यासारखं एका बाजूला वाहिलं. ते गोठून दगडासारखं असायला हवं होतं.

फ्रीझरखाली पाणी साचलं होतं. तिने दुसरी नळी काढली, मग तिसरी, मग खालच्या खणातली. चौथी काढली नाही.

त्या नळ्यांत नवजात बाळांच्या रक्ताचे नमुने होते. एका थेंबावरून बाळाला जंतुसंसर्ग झालाय का ते सांगणारी पट्टी ही छोटी कंपनी बनवत होती, आणि पट्टी खरं सांगते की खोटं हे या नमुन्यांवर ठरायचं होतं. नमुने पुन्हा घेता येण्यासारखे नव्हते. ती बाळं आता चालायला लागली असतील.

"वर्षभर कुरकुर नाही केली म्हातारीने," कॅप्टन म्हणाला. "आणि आता एकदम?"

म्हातारी म्हणजे फ्रीझर. बंद पडलेल्या एका हॉस्पिटलातून तो जुना घेतला होता. हे नाव काकांनी दिलेलं. कॅप्टनलाही त्यांनीच कॅप्टन केलं होतं; बोट बुडाली तर सगळ्यात शेवटी कोण उतरणार ते आधीच ठरलेलं बरं, असं म्हणाले होते. काका या ऑफिसात सगळ्यांत वयस्क. मोठ्या कारखान्यातली यंत्रदुरुस्तीची पक्की नोकरी सोडून इथे आले आणि फ्रीझरपासून नळाच्या गळतीपर्यंत सगळं बघू लागले. इथे कुणाचंच काम ठरलेलं नव्हतं, म्हणून प्रत्येक काम ज्याला जमेल त्याचं, आणि बहुतेक कामं काकांना जमायची. मागच्या थंडीत एका सुट्टीच्या दिवशी म्हातारीला बघायला आले आणि ऑफिसच्या जिन्यातच कोसळून वारले.

फ्रीझर तापू लागला की फोनवर सूचना जावी, ही सोय त्यांचीच. पहिला फोन काकांना. त्यांनी 'पाहिलं' हे बटण दाबलं नाही, तर थोड्या वेळाने तिला. तिनेही दाबलं नाही, तर कॅप्टनला. कुणीतरी दाबलं की बाकीच्यांना त्रास नाही.

"आपल्याला कुणाला का नाही आला फोन?" कॅप्टनने विचारलं.

तिने संगणकावर कालची नोंद उघडली. रविवार, दुपार. कॉम्प्रेसर बंद. सूचना गेली. त्याखाली एक ओळ होती. *पाहिलं: काका.*

कॅप्टनने वाकून ती ओळ पुन्हा वाचली. 

ती मागे मागे जात राहिली. दार नीट न लागल्याची सूचना: पाहिलं, काका. वीज क्षणभर गेल्याची: पाहिलं, काका. पावसाळ्यातली, उन्हाळ्यातली, अगदी काका गेले त्या आठवड्यातलीसुद्धा. प्रत्येक वेळी लगेच, अजिबात उशीर न लावता. त्या बारीकसारीक कुरबुरी आपोआप मिटल्या होत्या. काकांनी असा काही हात फिरवलाय की म्हातारी शहाणी झाली, असं सगळे वर्षभर म्हणत होते. कुणीतरी थट्टेत म्हणालं होतं, काका वरून लक्ष ठेवतात. ती तेव्हा हसली होती. आता तिच्या मानेवर काटा आला, आणि काटा आल्याचा तिला रागही आला.

"भूतबित काही नाही," कॅप्टन स्वतःलाच सांगितल्यासारखा म्हणाला. "कुणीतरी त्यांचा पासवर्ड वापरतंय."

"इथे सगळ्यांनाच सगळ्यांचे पासवर्ड माहीत आहेत."

"म्हणूनच म्हणतोय. शोधून काढ. गुंतवणूकदार संध्याकाळी फोन करणार. हे कुणी केलं, नाव सांगावं लागेल मला."

तिने नोंद पुन्हा वाचली. बटण संगणकावरून दाबलेलं नव्हतं, काकांच्याच फोनवरून दाबलेलं होतं. आणि तो फोन कुठे असणार हे तिला कळलं, तेव्हा भूत असतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

काकांच्या घरी काकू दार उघडताच म्हणाल्या, "अगं, तू! आधी सांगायचं नाहीस का? घर बघ कसं पडलंय." घर लख्ख होतं. त्यांनी तिला हाताला धरून बसवलं, पाणी दिलं. "किती वाळलीस. तुमचा तो कॅप्टन जेवायला सोडतो की नाही?"

"सोडतो. आम्हीच जात नाही."

"हेही तेच सांगायचे." काकू समोर बसल्या. "कारखान्यात होते तेव्हा पाचच्या ठोक्याला घरी. पण तोंड पाडून. तुमच्याकडे लागल्यावर घरी टिकायचेच नाहीत, आणि आले की जिन्यातून शीळ ऐकू यायची. त्यातलं कुठलं बरं होतं, ते अजून मला ठरवता आलेलं नाही बघ."

काकांचा फोन टेबलावर होता. चार्जरला लावलेला, काच पुसलेली.

"काकू, हा चालू आहे?"

"चालू म्हणजे? बंद करून कसं चालेल? तुमच्या म्हातारीचे फोन येतात ना त्याच्यावर." त्यांचा आवाज जरा चढला, खुशीने. "हे गेले त्याच आठवड्यात पहिल्यांदा वाजला. दचकलेच मी. मग आठवलं, हे काय करायचे. 'पाहिलं' दाबलं. गप्प झाला. तेव्हापासून एकदाही चुकवला नाही. आंघोळीलासुद्धा दाराशी घेऊन जाते."

तिने ग्लास खाली ठेवला.

"मी घरी आलेल्यांना सांगते," काकू म्हणाल्या, "एवढी शिकलेली मुलं आहेत तिथे, पण पहिला फोन अजून ह्यांनाच करतात. मुद्दाम ठेवलंय नाव. असं कोण करतं आजकाल? कारखान्याने तर दुसऱ्या दिवशी कपाट रिकामं करून घेतलं असतं."

कुणीही मुद्दाम ठेवलं नव्हतं. ते काम कुणाचं हे ठरलं नव्हतं, म्हणून राहिलं होतं. हे वाक्य तिच्या डोक्यात पूर्ण तयार झालं. तिने ते गिळलं.

तेवढ्यात तिचा स्वतःचा फोन वाजला. कॅप्टन. छोट्या खोलीत त्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. "नाव मिळालं?"

"मिळालं."

"कोण?"

"आपण. आपण पहिलं नाव बदललं नाही. तेच सांग त्यांना."

"मी तुला विचारतोय बटण कुणी..."

"मी आल्यावर बोलते," म्हणून तिने फोन ठेवला.

काकू तिच्याकडे बघत होत्या. खुशी चेहऱ्यावरच राहिली होती, पण तिच्यामागचं काहीतरी निघून गेलं होतं.

"काल दुपारी वाजला," त्या हळू म्हणाल्या. "मी कणीक मळत होते. हात पुसून दाबलं. काय झालं ग?"

"म्हातारी बंद पडली."

"मग तुम्ही गेलात ना?"

 काही झालं नाही म्हणता आलं असतं. पण मग फोन इथेच वाजत राहिला असता.

"आम्हाला कळलं नाही, काकू."

"मी दाबलं म्हणून."

"दाबलं की पुढे जात नाही."

"हे मला कधी बोलले नाहीत."

"बोलायची वेळच आली नसेल. ते स्वतः जायचे."

काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "बाळांचं होतं ना ते सगळं? हे सांगायचे मला."

"हो."

"बाळांना काही नाही ना झालं?"

"नाही, नाही. बाळं आपापल्या घरी आहेत. मोठी झाली असतील."

"मग बरं." त्यांनी मोठा श्वास घेतला. "पण ह्यांनी दोन दिवस जेवणाला हात लावला नसता."

"काकू, चूक तुमची नाही. आमच्याकडून..."

"चूक कुणाची ते तुम्ही बसून ठरवा. ह्यांचं नाव तेवढं काढ. आत्ता. माझ्यासमोर."

तिने पिशवीतून लॅपटॉप काढला. काकू शेजारी येऊन बसल्या, चष्मा लावून, शाळेत मुलाच्या निकालाला बसल्यासारख्या ताठ. पहिल्या ओळीत काकांचं नाव होतं. तिने ते पुसलं आणि तिथे आपला नंबर टाकला. नक्की काढायचं का, असं यंत्राने विचारलं. तिने काकूंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

"एवढंच?"

"एवढंच."

"आता वाजणार नाही?"

"तुमच्याकडे नाही वाजणार."

 काकूंनी चष्मा काढून मिटला. "वर्षभर उशाशी घेऊन झोपतेय त्याला. झोप कसली, एक कान तिकडेच." त्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. "तू राग मानू नकोस. चहाला थांब म्हणत नाही आज. जरा पडते."

दार त्यांनी सावकाश लावलं. ती बाहेर चपला घालत असताना आतून पडदा ओढल्याचा आवाज आला, मग पलंगाची एकच कुरकुर, आणि मग काहीच नाही. तिने पाऊल न वाजवता जिना उतरायला सुरुवात केली. अर्ध्यात आल्यावर तिच्या लक्षात आलं, आपला फोन पिशवीत नाही. तो तिच्या हातात होता, काच वर करून, वाजला तर लगेच दिसावा असा.