दांडीवरची धाबळी

मी एक छोटासा, काळपट पतंग आहे, मित्रांनो. दिव्यावर झेप घेतात ते माझे नातेवाईक. आम्ही उजेडाला भितो. लोक आम्हांला कसर म्हणतात आणि नाक मुरडतात.

माझा जन्म इंग्रजी अमलातल्या काशीचा. मंगला गौरीच्या देवळाजवळ वेणीमाधवशास्त्र्यांच्या स्वयंपाकघरात उंच दांडीवर एक लोकरीची धाबळी होती. त्यांच्या पत्नी शरदिनीबाई ती नेसून सोवळ्यात स्वयंपाक करीत. एके दिवशी त्यांनी ती धुऊन काठीनं दांडीवर टाकली आणि तापानं अंथरूण धरलं. त्या पुन्हा उठल्या नाहीत. "तिच्या हातची आहे, कुणी शिवायचं नाही," असं शास्त्र्यांनी बजावलं. धाबळीला ना ऊन मिळालं, ना कुणी ती झटकली.

माझ्या आईनं तिथंच अंडी घातली. आम्ही अळ्या ती लोकर खाऊन वाढलो. शास्त्री रोज पूजा आटोपून वर बघत आणि डोळे पुसत. आम्ही खातच होतो.

पुढं त्यांच्या मुलीचं, विद्युल्लतेचं, गंगेपलीकडच्या रामनगरला लग्न ठरलं.

"बाबा, आईचा शालू नेसू ना मी? पेटीत पडून पडून खराब होऊन जाईल."

"तिची एकही वस्तू निघणार नाही!"

पेटीची किल्ली शास्त्र्यांच्या जानव्याला असे. पोळ्या लाटताना पोरीला रडू आवरेना.

लग्नाच्या आदल्या दिवशी धाबळी देवापुढं ठेवावी म्हणून शास्त्र्यांनी काठी लावली. तिच्या चिंध्याच खाली आल्या. मला नुकते पंख फुटले होते. मी भेदरून उडालो. विद्युल्लतेनं हात उगारला.

"राहू दे, मुली. त्याचा काय दोष? मीच हिला ऊन दाखवलं नाही."

शास्त्री चिंध्या मांडीवर घेऊन लहान मुलासारखे रडले. मग त्यांनी जानव्याची किल्ली सोडली.

शालूच्या एका घडीत माझं भावंड पोचलंच होतं. बारीकसं भोक पडलं होतं.

"निऱ्यांत लपून जाईल, बाबा," विद्युल्लता म्हणाली.

शालू गच्चीवर उन्हात पसरला. माकडं येतील म्हणून शास्त्री तीच सोवळ्याची काठी घेऊन शेजारी बसले.

मित्रांनो, माझे दिवस भरत आले. उद्या शालू नेसून नवरी नावेत बसेल, ते मला दिसायचं नाही. गेलेल्या माणसाचं कापड उन्हात घाला, अंगावर घ्या. माझी पिल्लं उपाशी राहिली तरी चालेल.