मागची फळी

नवऱ्याला अचानक गाण्याचं वेड लागलं, तेव्हाच टेलरबाईच्या मनात पाल चुकचुकली. बारा वर्षांच्या संसारात या माणसाने आंघोळ करतानासुद्धा कधी तान घेतली नव्हती. आणि आता म्हणे, गाडीच्या डिकीच्या कोपऱ्यात मावेल अशी सबवूफरची, म्हणजे घुमणाऱ्या आवाजाच्या स्पीकरची, पेटी घरीच बनवायची! दोन रविवार दारात करवत चालली. भाड्याची गाडी चालवून कंबर मोडलेल्या माणसाने सुट्टी भुश्शात घालवावी, हे काही तिच्या पचनी पडेना.

तिचंही चुकत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी पिऊन गाडी चालवताना त्याने ती भिंतीवर घातली होती, आणि मागच्या सीटवर बसलेल्या लेकीचा हात मोडला होता. तेव्हापासून थेंबाला शिवलो नाही, असं तो सांगायचा. ती मात्र रोज त्याचे खिसे चाचपायची, शर्ट धुवायला टाकताना हुंगायची. पुन्हा एकदा सापडला तर लेकीला घेऊन भावाचं घर गाठायचं, हे तिने पक्कं केलं होतं.

पेटी तयार झाली त्या दिवशी शेजारचा सुतार सहज डोकावला. पेटी उलटसुलट करून म्हणाला, "वहिनी, मागची फळी स्क्रूवर का ठेवलीय? पेटी लहान आहे, चारी बाजूंनी गोंद भरा, असं मी दादांना बजावलं होतं. जरा हवा निसटली की आवाजाचं वाटोळं. तर म्हणतात कसे, नाही, उघडता आली पाहिजे."

उघडता आली पाहिजे! गाणं कसलं नि काय, पठ्ठ्याने बाटलीसाठी कपाटच केलंय, आणि तेही माझ्या नाकावर टिच्चून!

दुपारी तो आंघोळीला गेला आणि तिने स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. आठ स्क्रू निघाले. आत उशीत भरतात तसला कापूस भरलेला. तिने तो उपसला, तळापर्यंत हात घातला. वायरी लागल्या, स्पीकरची गार पाठ लागली. बाटली नव्हती. टेप आणून तिने आतलं-बाहेरचं माप घेतलं, चोरकप्पा असेल म्हणून. फळीची जाडी धरली तर माप अगदी बरोबर येत होतं. हायसं वाटायचं सोडून तिला रागच आला.

"सापडलं काही?"

खांद्यावर टॉवेल टाकून तो दारात उभा होता. चिडला असता तर बरं, पण तो चिडला नव्हता. ती पार ओशाळली.

"मग गोंद का नाही लावलात?" तिने उसनं अवसान आणून विचारलं.

"तुला उघडता यावी म्हणून. बंद पेटी घेऊन फिरलो असतो, तर तुझ्या डोळ्याला डोळा लागला असता का?"

ती पेटीपाशी खाली बसली. स्वतःची लाज वाटली आणि त्याची दयाही आली.

"अहो, लावून टाका गोंद," ती म्हणाली. "नाही बघणार मी यापुढे."

तो शेजारी बसून कापूस आत कोंबू लागला.

"नको," तो म्हणाला. "गाडी रिकामी असली की डोक्यात नको ते येतं, म्हणून गाण्याचा घाट घातला. पण परवा दारूच्या दुकानाच्या पायरीपर्यंत गेलोच होतो. कसाबसा परत फिरलो. माझा मलाच भरवसा नाही अजून. तू बघत जा."