आगाऊ सत्कार

रामनं मोबाइलचा टॉर्च आम्रपालीच्या तोंडावर धरला, जरा खाली घेतला, मग गळ्यातला मफलर काढून त्याच्यावर गुंडाळला. उजेड मऊ झाला. डोळ्यांखालचं काळं काही गेलं नाही.

“ताई, जरा हसा.”

“हसतेय की.”

“ह्याला हसणं म्हणत्यात व्हय? दाढ दुखायल्यावानी दिसायलंय.”

हॉस्टेलच्या तळघरात डॉक्टर व्हायला आलेली पोरं भिंतींना टेकून बसली होती. गेल्या आठवड्यात शेजारच्या देशाचं सैन्य युक्रेनमध्ये घुसलं आणि थेट या शहराच्या वेशीवर आलं, तेव्हा कॉलेजनं शरीररचनाशास्त्राची परीक्षा पुढं ढकलली. नवी तारीख यथावकाश कळवण्यात येईल, असा मेसेजही आला. त्यानंतर कॉलेजची निम्मी इमारत पडली. तारीख काही आली नव्हती, आणि अभ्यासू पोरं अजून वाचत होती.

आम्रपाली केजची, एकोणीस वर्षांची. वडील प्रवीण एसटीत कंडक्टर, आई पंचशीला अंगणवाडीत. राम माजलगावकडचा, तिच्याहून एक वर्षानं लहान. त्याच्या घरी कालव्याखालचा ऊस होता आणि आजोबांच्या ओसरीवर चहाचे दोन प्रकारचे कप, ज्यांतला कोणता कुणाला द्यायचा हे सुनांना सांगावं लागत नसे. तळघरात आल्यापासून तो आणि आम्रपाली एकाच बाटलीतून पाणी पीत होते. आजोबांना हे कुणी कळवलं नव्हतं. त्यांना आधीच युद्धाचं टेन्शन होतं.

व्हिडिओ हवा होता आश्रुबा अण्णांना. अण्णा केज भागातले पुढारी. सध्या कुठल्याही पदावर नव्हते, त्यामुळे सतत कामात असत. तळघराच्या जिन्यावर अगदी वरच्या पायरीला तेवढी रेंज यायची. दुपारी आम्रपाली तिथं उभी असताना त्यांचा फोन लागला होता.

“बाई, उद्या सकाळी गाडी येणार हाय तुमच्याकडं. बॉर्डरपस्तोर नेती. त्यात तुमच्या दोन जागा मी धरून ठेवल्यात. वर बोललोय.”

“वर म्हंजे कुणाशी, अण्णा?”

“वर म्हंजे वर. कावून इचारायलीस? तू चार शब्द बोल फक्त. अण्णांमुळं आमी सुखरूप परत आलो, एवढंच. दोघं एका फ्रेममधी पायजेत. दोन समाजाची लेकरं शेजारी शेजारी, लई भारी जाईल.”

“पण आमी अजून तळघरात हावोत, अण्णा.”

“उद्या निघणारच न्हवं? मी काय आज टाकायलोय व्हय ते? तुमी बॉर्डर पार केली की टाकायचं. तयारी असावी लागती, बाई.”

ही अण्णांची पद्धतच होती. ते आधी पुलाची फीत कापत, आणि फीत कापली म्हणून पूल होणं भाग पडे. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं. काही पूल झालेही होते. आम्रपालीच्या वडिलांची गाडी रोज त्यांतल्याच एकावरून जायची. त्यामुळे तिला हे अगदीच वेडगळ वाटलं नाही. शिवाय जागा दोनच होत्या, आणि तळघर गच्च भरलेलं होतं.

पहिल्या वेळी ती “सुखरूप निघणार आहोत” म्हणाली. राम जिन्यावर जाऊन तो व्हिडिओ पाठवून आला. उत्तर आलं : ‘आलो म्हण. मागं बादल्या दिसायल्यात.’ त्यांनी बादल्या हलवल्या. दुसऱ्या वेळी मध्येच वर कुठंतरी काही कोसळलं आणि दोघांच्या केसांत चुना पडला. तिसरा चांगला झाला. आम्रपालीनं अण्णांच्या प्रयत्नांचा उल्लेख केला, ‘सुखरूप परत आलो’ म्हणाली, रामनं हात जोडले.

जिन्यावरून पाठवून आल्यावर त्यानं तो पुन्हा लावून पाहिला.

“लई खरं वाटायलंय,” तो म्हणाला. “मला सुदीक वाटलं, आलो.”

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून दोघं बॅगा पाठीला लावून वरच्या पायरीवर बसून राहिले. लोखंडी दाराच्या फटीतून रस्ता दिसत होता. रस्त्यावर एक जळालेली ट्राम होती आणि तिच्यापाशी एक कुत्रं. गाडी आली नाही. रात्रभर गायब असलेली रेंज दुपारी आली, आणि आम्रपालीच्या मोबाइलवर सगळे मेसेज एकदमच येऊन पडले.

पहिला चुलतबहिणीचा. केजच्या चौकातल्या फ्लेक्सचा फोटो. ‘युद्धभूमीतून सुखरूप परतल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ त्यावर अण्णा कमरेपर्यंत होते, आणि ही दोघं खालच्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी.

दुसरा अण्णांच्या कार्यकर्त्याचा, सोमनाथचा. ‘ताई, समोरच्या पार्टीने रात्री त्यांच्या पोराचा व्हिडिओ टाकला. मग आपल्यालाही टाकावा लागला. समजून घ्या.’

तिनं मंजुषा मॅडमना फोन लावला. सीमेपलीकडच्या गावात राहून मराठी मुलांना गाड्यांत बसवून द्यायचं काम या बाईंनी आपणहून अंगावर घेतलं होतं.

“अगं, तू?” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही दोघं तर पोचलात ना? रात्री तुमचा व्हिडिओ आला माझ्याकडं, पार गावाकडून फिरून. खात्री करायला किती फोन लावले, लागलाच नाही. म्हटलं, विमानात असाल. तुमच्या जागा पलीकडच्या हॉस्टेलमधल्या दोन मुलींना दिल्या मी. गाडी पहाटेच त्यांना तिथनं घेऊन गेली.”

“जागा अण्णांनी धरल्या होत्या ना?”

“कोण अण्णा?”

पुढची गाडी कधी, ते तिनं विचारलं. ड्रायव्हर परत त्या शहरात जायला तयार नव्हता, दुसरा कुणी मिळत नव्हता. हे सांगता सांगता मॅडम रडायला लागल्या. तुमची काही चूक नाही, असं आम्रपालीलाच त्यांना दोन-तीनदा सांगावं लागलं.

रामनं सगळं ऐकलं. पाठीवरची बॅग काढायची तो विसरला होता. तसाच भिंतीला टेकला.

“त्या पोरी तरी गेल्या,” तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, “दुसरा व्हिडिओ टाकू. खरं खरं सांगून.”

“टाक.”

त्यानं मोबाइल काढला, पडद्याकडं बघत राहिला आणि परत खिशात ठेवला.

“नगं. आलेल्या माणसाला परत कोण आणायलंय?”

तो खाली गेला. ती तिथंच बसली.

दुपार कलली, म्हणजे केजला दिवेलागण झाली, तेव्हा आईचा फोन आला. मागं स्पीकरचा घोगरा आवाज होता. अण्णांनी आईवडिलांचा सत्कार ठेवला होता.

“आमू, माईकला लावलाय फोन,” आई ओरडून म्हणाली. “दोन शब्द बोल म्हणत्यात.”

आम्रपाली बोलली. सगळं पाठच झालं होतं. टाळ्या वाजल्या, आणि लगेच फटाक्यांची माळ लागली. फोन करायला खालच्या पायरीवर थांबलेल्या पंजाबी मुलीनं डोक्यावर दोन्ही हात घेतले आणि ती खाली वाकली. आम्रपालीनं तिला हातानं खूण केली : आमच्याकडचे आहेत.

आई फोन घेऊन बाजूला गेली असावी. आवाज दूर झाले. दार ओढल्यासारखं वाटलं.

“कुठवर आलीस?”

“पोचले, आई. हॉटेलात हाय. उद्या विमान.”

“बरं.”

मागून कुणीतरी आईला हाक मारली. ती गेली नाही.

“पोचलेलं माणूस एवढं हळू बोलत न्हाई, आमू.”

आम्रपालीनं दाराच्या फटीतून बाहेर पाहिलं. ट्रामपाशी आता कुत्रंही नव्हतं.

“पप्पांना सांगू नकोस,” ती म्हणाली.

“न्हाई सांगत. शाल घातलीय त्यायला. सगळ्यायला पेढे वाटायलेत. लई दिसानं जेवलेत आज.” आईनं नाक ओढलं. “राम हाय का संगं?”

“हाय.”

“पाणी हाय?”

“हाय थोडं.”

“थांब,” आई एकदम म्हणाली. “तुझे पप्पा इकडंच यायलेत. हाटिलाचं सांग त्यायला. पलंग, गरम पाणी, काय असंल ते. आन् जरा मोठ्यानं बोल.”

फोन या हातातून त्या हातात गेल्याचं खरखरणं ऐकू आलं. आम्रपालीनं घसा साफ केला.

“पप्पा,” ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की तळघरातल्या पोरांनी पुस्तकांतून माना वर केल्या, “पलंग लई मऊ हाय इथला.”