सात कार्डं

"अरुंधतीताई, ही कार्डं तुम्हीच लावा. मी लावली तर म्हणतील, यानेच काहीतरी गोंधळ घातला."

भीमराज ओव्हाळने सात कार्डं माझ्या हातात दिली. चिंचवडच्या आमच्या कंपनीत तो प्रोग्रॅमर, मी पंच ऑपरेटर: त्याचा प्रोग्रॅम कार्डांवर भोकं पाडून कॉम्प्युटरला, म्हणजे आमच्या भाषेत मशीनला, द्यायचा. साल अठ्ठ्याहत्तर. गिअरबॉक्सच्या सुट्या भागांची यादी काढायचा त्याचा प्रोग्रॅम लावला की सबंध मशीन बंद पडायचं. भागाच्या पोटात भाग, त्याच्या पोटात आणखी भाग. म्हणून त्याने फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅममधला एक तुकडा, असं लिहिलं होतं, की ते स्वतःलाच स्वतःच्या हाती द्यायचं. आपलं लिहिणं मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर तिथेच गारद व्हायचा. खरं तर नियमात ते बसत होतं. मॅन्युअलचं पान त्याने मला दाखवलं होतं.

मी कार्डं लावली. त्यांत फक्त तेवढं एक फंक्शन होतं. पॅनलवरचे दिवे जागच्या जागी थांबले.

"बघितलंत ना? मग साक्षीदार म्हणून इथे सही करा."

मशीन बंद पडलं की भरायच्या फॉर्मवर दोनच रकाने असत: चूक पंचिंगची की प्रोग्रॅमची. भीमराजने हाताने तिसरा आखला होता, कंपायलरची. आमच्या विभागाचे मधुसूदनसाहेब हसले होते. "परदेशातून आलेला कंपायलर चुकतो, आणि हा शहाणा तेवढा बरोबर!" माझी नोकरी कच्ची होती. मी घाबरले, सरळ सांगते. सही उद्या करते म्हणाले आणि केली नाही. साहेबांनी दुसऱ्या रकान्यात फुली मारली, आणि आठवड्याभरात भीमराजला स्टोअरला टाकलं.

तेव्हापासून मशीन जरा अडलं की मानेमागे ऐकू यायचं, बघितलंत ना? मागे वळून पाहायची मला भीती वाटायची.

एक्क्याऐंशीत मशीन पुरवणाऱ्यांचं पत्र आलं. फंक्शन स्वतःलाच दिलं की कंपायलर कोसळतो, दोष आमचा आहे, दुरुस्त कंपायलरची नवी टेप पाठवत आहोत. भीमराज त्याआधीच्या दिवाळीत काविळीने गेला होता. पत्राची नक्कल घेऊन मी निगडीला त्याच्या घरी गेले.

"तुमीच का त्या ताई?" त्याची बायको नीला म्हणाली. "हे म्हणायचे, एका ताईनं डोळ्यानं बघितलंय. सांगतील कवातरी."

मी पत्र मराठीत वाचून दाखवलं.

"परत वाचा."

परत वाचलं. तिने भीमराजच्या फोटोमागून फॉर्मची त्याची प्रत काढून माझ्यापुढे ठेवली. सोबत सात कार्डं, दोऱ्याने बांधलेली. सहीची जागा कोरीच होती. मी सही केली. तारखेपाशी हात अडला.

"आजचीच घाला," नीला म्हणाली. "उशीर झाला, त्ये दिसू द्या."