दोन्ही तारा

तारेचं टोक आठ मिलिमीटर सोललं, तर तांबं टर्मिनलमध्ये पुरतं जातं आणि बाहेर काही दिसत नाही. तोरुननं सकाळपासून अशी बावीस टोकं सोलली होती. तेविसाव्याला हात घसरला. तिनं तार कापून पुन्हा सोलली; पुन्हा जास्तच तांबं उघडं पडलं.

तळघराच्या खिडकीखाली स्टीलचं नवं भांडं उभं होतं, शेजारी काजळी धरलेला तांब्याचा हंडा. नॉर्वेतल्या व्होसमधल्या या शेतावर नाताळची बिअर आजवर त्याच हंड्यात, लाकडाच्या जाळावर व्हायची. यंदा तिच्या वडिलांनी, आस्लाकनी, विजेवर तापणारं भांडं मागवलं होतं. ते चालू-बंद करायची स्विचची पेटी मात्र घरीच जोडायची होती, आणि तीही तोरुननं.

"लाकडं फोडायची कटकट गेली तुझी," ते स्टुलावर बसून म्हणाले. "इथं राहायला आलीस की नुसतं बटण दाबायचं."

"हं."

"हं काय? पन्नास लिटरचं घेतलंय. अख्खी वाडी येईल चाखायला."

शेतावर पहिला हक्क थोरल्या अपत्याचा, म्हणजे तिचा. पण घेतलं तर इथंच राहायचं, असा कायदा. तिला ट्रॉनहाइमच्या विद्यापीठातली प्रयोगशाळा सोडायची नव्हती. धाकटा भाऊ गौते पलीकडच्या गावात दुसऱ्याच्या गाईंचं दूध काढत होता. तिनं नाही म्हटलं की हक्क त्याच्याकडे जाणार होता. त्यानं एका शब्दानं कधी विचारलं नव्हतं. मार्चमध्येच तिनं नाही म्हणायचं ठरवलं होतं; नोव्हेंबर आला, तरी ते एक वाक्य काही तिच्या तोंडून निघेना. दर तार बसवली की वाटायचं, आपण स्वतःलाच इथं स्क्रूनं आवळतोय. ती दोनदा उगाचच वर जाऊन पाणी पिऊन आली.

शेवटी तिनं मेन चालू केला. पेटीवरचा दिवा लागला. स्विच बंद केला, दिवा विझला.

"झालं."

"थांब." आस्लाकनी खिशातून टेस्टर काढला. गावच्या वीजकेंद्रात त्यांनी छत्तीस वर्षं काढली होती. भांड्याकडे जाणाऱ्या टर्मिनलला त्यांनी टोक लावलं. टेस्टरचा दिवा लागला.

"बंद आहे ना?" त्यांनी विचारलं.

तोरुननं आकृती पाहिली, मग स्विच. स्विच एकच तार तोडत होता. ट्रॉनहाइममधल्या तिच्या नव्या इमारतीत तेवढं चाललं असतं. तिथं दुसरी तार नुसती परतीची. इथल्या जुन्या लाइनीवर दोन्ही तारांत वीज असते.

"अंगावर घेतली असतीस, पोरी. विद्यापीठात अर्धाच दिवा विझवायला शिकवतात वाटतं." ते हसले. "सात वर्षांची होतीस तेव्हा गौतेला दरडावायचीस, दोन्ही तोड, दोन्ही तोड म्हणून."

तिनं मेन बंद केला. हे तिला आठवायला हवं होतं. सबंध सकाळ आकृती काढताना ते एकदाही मनात आलं नव्हतं; हात परक्या घराच्या सवयीनं चालले होते.

"गौते अजून दोन्ही तोडतो," ती म्हणाली.

"तो कुठं गेलाय विसरायला?"

"तेच." तिनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "बाबा, मी शेत घेणार नाही."