एका ढोकरीची तीन चित्रं

गिरगावातल्या शामरावांच्या छापखान्यासाठी मी शाळेत टांगायचा पक्ष्यांचा तक्ता रंगवला होता. मुंबईतले बारा पक्षी. माझं पहिलंच काम. माझे वडील, आप्पा, संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात तुरुंगात, घरात कमावती मीच. तक्ता पसंत पडला तर शामराव मला कायमचं कामावर ठेवून घेणार होते.

त्यात दोन ढोकऱ्या, म्हणजे तळ्याकाठचे बुटके बगळे, होत्या. एक आमच्या परळच्या चाळीमागे, गिरणीच्या तळ्यावर बसणारी, भुरी, रेघारेघांची. दुसरी तांबडी, पाठ पिकल्या कोकमासारखी. पक्षी दोन, हे आमच्या चाळीतलं शेंबडं पोरही सांगेल. मे महिन्यात आम्ही कोकणात निघतो तेव्हा तळ्यावर भुरी असते, परततो तेव्हा तांबडी. "भुरी गेली गावाक, ही तिची भाडेकरीण," असं शेजारच्या राधाबाई म्हणायच्या, आणि मीही मूर्खासारखी तेच धरून चालले.

यंदा आप्पांमुळे गावी गेलो नाही. मी रोज गॅलरीतून पाहत होते. भुरीच्याच पाठीवर तांबडी पिसं फुटत होती. एकच पक्षी, विणीच्या दिवसांत नटणारा!

गप्प बसले असते तर कुणाला कळलं असतं? पण शाळाशाळांतून माझी चूक टांगली गेली असती. छापखान्यात जाऊन शामरावांना सांगून टाकलं.

शामराव भडकले. "तक्ता उद्या छपाईला जायचा, आणि आज सांगतेस? डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी मानायचा नाही." आणि तरातरा परळला आले.

गॅलरीत राधाबाई आडव्या आल्या. "ओ शेट, भाडेकरीणच ती!"

शामरावांनी चष्मा पुसला. ढोकरी गॅलरीखालीच तळ्याच्या कठड्यावर बसली होती, पाठ अर्धी भुरी, अर्धी तांबडी. राधाबाईंनी वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"छपाई थांबवतो," शामराव म्हणाले. "तक्त्यावर अकरा पक्षी लिहू. हिचं नाव एकच, चित्रं तीन. हे मधलं रूप मी कुठल्याच तक्त्यात पाहिलं नाही. काढशील?"

"आठवड्याभरात ती पुरती तांबडी होईल."

"मग उभी काय राहिलीस? कागद आण."

मला रडूच फुटलं. डोळे पुसून रंग घेऊन बसले. पाण्याची वाटी ठेवायला जागा नव्हती, ती शामरावांनीच हातात धरली.

"सोमवारपासून रोज छापखान्यात यायचं," ते हळूच म्हणाले. "आता बोलू नकोस, उडेल ती."